थोड्या भांडवलाचा सिनेमा : तंबूपासून मोबाईलपर्यंत

पुण्याहून पूर्वेकडे निघाले की हडपसर लागते. तेथील गाडीतळावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक सासवड-जेजुरीकडे जातो, दुसरा सोलापूरकडे. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी याच हडपसरला एकमेकींचा निरोप घेतात आणि वेगवेगळ्या वाटांनी पंढरपूर गाठतात. सिनेमाच्याही दोन वाटा हल्ली हडपसरला नजरेस पडतात. मगरपट्ट्यातील एका मॉलमध्ये २०१३ साली पंधरा पडद्यांचे चित्रपटगृह सुरू झाले. गारेगार हवा, मऊ खुर्च्या, आणि तिकिटाचा दर ऐकूनच खेड्यातला माणूस मागे फिरावा अशी तऱ्हा. आणि त्याच रस्त्याच्या कडेला, भाजीचा टेम्पो रिकामा करून बसलेला एखादा तरुण मोबाईलवर पंधरा-वीस मिनिटांची मराठी गोष्ट पाहत असतो. त्या गोष्टीत गावचा पार असतो, पारावरची माणसे असतात, बोली त्याच्या घरातली असते. ती गोष्ट पुष्कळदा शेजारच्याच तालुक्यातील मंडळींनी पदरमोड करून केलेली असते.

या दुसऱ्या वाटेचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. थोड्या भांडवलावर केलेला सिनेमा आपल्या महाराष्ट्रात कसा जन्मला, कोणकोणत्या वाहनांतून तो लोकांपर्यंत गेला, आणि आता मोबाईलवर येऊन बसल्यावर त्याचे बरे झाले की वाईट, असा हा प्रश्न आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकणे सोपे जाईल. सिनेमा करणे दर पिढीला स्वस्त होत आले. परंतु तो दाखवण्याचे दार प्रत्येक वेळी कोणाच्या तरी हातात राहिले. नवे वाहन आले की वाटते, आता दार कायमचे उघडले. थोड्या दिवसांनी ध्यानात येते की दारावर नवा राखणदार बसला आहे. तो राखणदार कोण, आणि तो काय मागतो, हे ज्याला कळते त्यालाच त्या दाराचा उपयोग करून घेता येतो.

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून करावी लागते. आपल्या सिनेमाचा मूळ पुरुष हाच मुळी थोड्या भांडवलाचा निर्माता होता. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या गृहस्थाने १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, त्या पैशांवर लंडन गाठले आणि कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत आणले. सिनेमा काढता येतो हे सावकाराला पटावे कसे? तर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या अंकुराची थोडी थोडी वाढ रोज टिपली, आणि पडद्यावर मिनिटभरात रोप उभे करून दाखवले. पुढे दागिनेही मोडले. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडीत. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. असा हा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. घरचेच भांडवल, घरचीच माणसे आणि अडेल तेथे युक्ती, हा कमी पैशांच्या सिनेमाचा धडा तेथे पहिल्यांदा गिरवला गेला.

दुसरा धडा कोल्हापूरचा. बाबूराव पेंटरांपाशी परदेशी कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी दादासाहेब मिस्त्री यांच्या मदतीने कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि त्या कॅमेऱ्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली. ती १९३३ साली पुण्याला आली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे सारे आपल्याला पाठ आहे, म्हणून मी त्यावर अधिक थांबत नाही.

आता असे पाहा, मुंबई-पुण्याचे सिनेमागृह खेड्यापासून दूर. मग खेड्यातल्या माणसाने हे चित्रपट पाहिले कोठे? पुष्कळांनी पाहिले ते तंबूत. फिरता सिनेमा ही महाराष्ट्राच्या जत्रांची मोठी ठेव होय. सुगी संपली, देवाचे दिवस आले, की ट्रकवर तंबू, पडदा, यंत्र आणि तेलावर चालणारे इंजिन लादून मंडळी गावोगाव निघत. तमाशाच्या कनातीशेजारी सिनेमाची कनात उभी राही. कर्ण्यातून पुकारा होई. कार्बनच्या कांड्या जळत आणि त्यांच्या उजेडात माणसे भुईवर बसून खेळ पाहत. फिल्म तुटली की शिट्ट्या, आणि जोडली की पुन्हा शांतता. आमच्या पिढीतील पुष्कळांनी पहिला सिनेमा असाच पाहिला आहे. चित्रपट शहरात शिळा झाला की मग तंबूत येई. पण आला म्हणजे सगळे गाव एकत्र बसून पाही, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर, पारावर त्याचीच चर्चा चाले. एकत्र पाहणे आणि मग त्यावर बोलणे, ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

या फिरत्या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी एक माहितीपट केला; ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हे त्याचे नाव, आणि २०१६ साली कान महोत्सवात त्याचा सन्मान झाला. रिळांची जुनी यंत्रे जाऊन तंबूत संगणकावरचा खेळ येतो, आणि आयुष्यभर यंत्रांशी संसार केलेली माणसे त्या बदलाकडे कशी पाहतात, हे त्यात दिसते.

तंबूचे दार मालकाच्या हाती होते, तसे शहरातले दार थिएटरवाल्याच्या हाती. याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे १९७१ सालचा दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’. दादरच्या कोहिनूर थिएटरात मराठी चित्रपटाला बाजूला सारून देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लावण्याचे घाटले. प्रकरण शिवसेनेकडे गेले, रस्त्यावर आंदोलन झाले आणि ‘सोंगाड्या’ लागला. लागला तो असा चालला की दादा कोंडके हे नाव घरोघर झाले. तात्पर्य काय, तर चित्रपट लोकांना हवा होता, पैसे द्यायला लोक तयार होते, आणि तरीही मधल्या दारावर तो अडला होता. लोकांची आवड आणि दारवानाची मर्जी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढच्या साऱ्या इतिहासात हा फरक आपल्याला पुन्हा पुन्हा भेटेल.

यानंतर व्हिडिओ आला आणि पहिल्यांदाच असे झाले की थिएटर नसतानाही सिनेमा दाखवता येऊ लागला. एक खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर, आणि कॅसेट. गावोगाव व्हिडिओ पार्लर निघाली. त्यांतून जे उगवले त्याचे सर्वांत नवलाचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे आहे. त्यावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. आठवडाभर मागांचा खडखडाट, आणि शुक्रवारी सुट्टी. सुट्टीला मजुराने जावे कोठे? सिनेमाला. सिनेमाचे वेड असलेल्या अशा या गावात शेख नासिर नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवीत होता. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांचे चित्रपट तो दाखवी. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून, या चित्रपटातला तुकडा काढ, त्यात घाल, असे करता करता तो संकलन शिकला. कोणत्या शाळेत गेला नाही, कोणाचा गंडा बांधला नाही. मग त्याच्या मनाने घेतले की आपणच सिनेमा काढावा. २००० साली त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. कॅमेरा लग्नात चित्रीकरणाला वापरतात त्यातला. नट म्हणजे गावातलेच कामकरी आणि दुकानदार. मूळ चित्रपटात डाकू घोड्यांवर येतात. इथे घोडे परवडणार कसे? तर डाकू सायकलींवर आले. आगगाडी नव्हती, तिथे बस आली. आणि लोक हसले. पण कशाला हसले? गरिबीला नव्हे. ज्या मोठ्या चित्रपटाने आपल्याला भारून टाकले होते, तो आपल्या गल्लीतून सायकलवर जाताना पाहून त्यांना आपलेपणाचे हसू आले. विनोदात त्यांचे रोजचे प्रश्न होते, बोली त्यांची होती. पार्लरमध्ये तो कित्येक आठवडे चालला आणि घातलेले पैसे कितीतरी पटींनी परत आले.

पुढे मालेगावात असे चित्रपट काढण्याचा एक धंदाच उभा राहिला. ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. त्याचा नायक शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडीसारखा. अमेरिकेचा सुपरमॅन भारदस्त असतो. आमचा हा सुपरमॅन वाऱ्याने उडावा असा! हिरवे कापड मागे लावून त्याला हवेत उडवले. या चित्रपटाची घडण फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ सालच्या माहितीपटात टिपली आणि मालेगावचे नाव जगभर गेले. शफीकला मात्र तोंडाचा कर्करोग झाला आणि तो तरुणपणीच गेला. मालेगावची गोष्ट सांगताना नुसते हसून चालत नाही ते यासाठी. ज्या हातांनी आठवडाभर माग चालवले त्याच हातांनी हे चित्रपट केले आणि त्या हातांमागे ना विमा होता ना कंपनी.

कॅसेट गेली आणि चकती आली. चकती आणखी स्वस्त. आठवडी बाजारात रस्त्यावर पाटी टाकून खानदेशी विनोदाच्या, गाण्यांच्या, तमाशाच्या चकत्या विकल्या जाऊ लागल्या. परंतु जी वस्तू स्वस्तात करता येते ती स्वस्तात चोरताही येते. एक चकती विकली की तिच्या दहा नकला दुसऱ्या दिवशी बाजारात. निर्मात्याच्या हाती पैसा राहीना. राखणदार नव्हता हे खरे, पण कुंपणही नव्हते. म्हणजे पाहा, दार सताड उघडे असणे हीदेखील एक अडचण होते.

याच सुमारास थिएटरांतही मोठा बदल झाला. पूर्वी एका चित्रपटाची एक प्रत, म्हणजे रिळांचे डबे, काढायला पन्नास-साठ हजार रुपये लागत. वीस गावांत एकाच दिवशी चित्रपट लावायचा तर वीस प्रती हव्यात. लहान निर्मात्याचे सगळे भांडवल त्यातच जाई. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून आणि संगणकाच्या पेटीतून चित्रपट थिएटरात पोचवण्याची सोय झाली आणि प्रतीचा खर्च जवळजवळ संपला. त्याच वेळी मराठी सिनेमाला नवी पालवी फुटत होती. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ साली आला, त्याला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. हा मान मराठीला १९५३ सालच्या ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मिळत होता. ‘श्वास’ ऑस्करला पाठवायचा तर परदेशात प्रचाराला पैसा हवा. तो लोकांनी वर्गणी काढून उभा केला. २००८ साली मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ आला, जुन्नरच्या मातीतला, शेतकऱ्याच्या पोराचा आणि त्याच्या बैलाचा. मग करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे आले. ‘पिस्तुल्या’ या लघुपटापासून त्यांनी सुरुवात केली, नंतर ‘फँड्री’ केला, आणि २०१६ साली ‘सैराट’. मराठी चित्रपट शंभर कोटींचा व्यवसाय करू शकतो हे ‘सैराट’ने दाखवले.

परंतु ‘सैराट’ हा अपवाद. एका ‘सैराट’मागे कितीतरी लहान चित्रपट असे असतात की ज्यांना सकाळी दहाचा खेळ मिळतो. सकाळी दहाला शाळेचे मास्तर आणि शेतावरचा माणूस सिनेमाला येणार कसा? आणि शुक्रवारी माणसे आली नाहीत म्हणून सोमवारी तो उतरवतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी चांगल्या वेळेचा खेळ राखण्यास सांगितले, त्यावर बराच वाद झाला आणि वेळेची व्याख्या सैल करावी लागली. ‘सोंगाड्या’ला चव्वेचाळीस वर्षे झाली होती, तरी भांडण दाराचेच होते!

आता मोबाईलकडे वळू. त्याला इंग्रजी धाटणीने ओटीटी म्हणतात. अर्थ इतकाच की चित्रपट थिएटरात किंवा केबलवाल्याकडे न जाता नेटवरून थेट तुमच्या हातात येतो. हॉटस्टार २०१५ साली सुरू झाले, नेटफ्लिक्स २०१६ च्या जानेवारीत भारतात आले, त्याच वर्षाच्या शेवटी अ‍ॅमेझॉनचे प्राईम व्हिडिओ. आणि मधे, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आले. खेड्याच्या दृष्टीने खरी क्रांती झाली ती या जिओमुळे. नेटचे दर कितीतरी पटींनी उतरले आणि जो माणूस मोबाईलवर फक्त बोलत होता तो त्यावर सिनेमा पाहू लागला. मग २०२० साली करोनाची टाळेबंदी आली. थिएटरे बंद, तंबू बंद, जत्रा बंद. पडदा उरला तो तळहातावरचा.

या वाटेने लहान मराठी चित्रपटांचे काय झाले याची दोन उदाहरणे घेऊ. चैतन्य ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’ हा पहिला चित्रपट २०१४ साली केला. पडद्यावरची बरीच माणसे पूर्वी अभिनय न केलेली, आणि निर्माता विवेक गोम्बर हाच त्यात एक प्रमुख नट. व्हेनिसला त्याला दोन पारितोषिके मिळाली, इथे सुवर्णकमळ मिळाले. त्यांचा दुसरा चित्रपट ‘द डिसायपल’, शास्त्रीय गाणे शिकणाऱ्या एका मुलाचा. २०२० साली व्हेनिसला त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. मराठी बोलणारा, ख्यालगायकीवरचा, संथ लयीचा हा चित्रपट एकाच दिवशी १९०हून अधिक देशांत पाहायला मिळाला. थिएटरच्या हिशोबात ही गोष्ट कोणी मनातही आणली नसती. दुसरे उदाहरण अभिजित वारंग यांच्या ‘पिकासो’चे. कोकणातला दशावतारी बाप, चित्रे काढणारा मुलगा, आणि पैशांची अडचण, एवढाच जीव असलेला हा चित्रपट. तो १९ मार्च २०२१ रोजी थिएटरात न जाता थेट प्राईम व्हिडिओवर आला. त्या ठिकाणी असा थेट आलेला हा पहिला मराठी चित्रपट. दशावतार ज्यांनी जन्मात पाहिला नाही अशा विदर्भातल्या माणसाने तो घरात बसून पाहिला. हा फायदा लहान नाही.

मग गोम कोठे आहे? थोडे व्यवहाराचे बोलू. असा चित्रपट विकला जातो तो बहुधा ठराविक रकमेला, ठराविक वर्षांसाठी. तो लाखो लोकांनी पाहिला काय आणि हजारांनी पाहिला काय, निर्मात्याला पुष्कळदा आकडाही कळत नाही. थिएटरवाला निदान तिकिटांचा हिशोब दाखवी. दुसरी तऱ्हा अशी की जितका वेळ लोक पाहतील तितके पैसे. पण दर ठरवणार तेच, आणि तो उतरवणारही तेच. टाळेबंदी उठल्यावर तर या कंपन्या म्हणू लागल्या की आधी थिएटरात लावा, तिथे किती चालला ते पाहू, मग किंमत ठरवू. म्हणजे फिरून गाडी गाडीतळावरच! ज्याला थिएटर मिळत नाही म्हणून तो इकडे आला, त्याला इकडून पुन्हा थिएटरचाच रस्ता दाखवला जातो.

मालेगावच्या गोष्टीचा शेवटही इथे सांगण्याजोगा आहे. रीमा कागती यांनी शेख नासिर आणि त्याच्या मित्रांच्या आयुष्यावर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट केला. २०२४ साली तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी थिएटरांत लागला आणि नंतर प्राईम व्हिडिओवर आला. चित्रपट मनापासून केलेला आहे, त्यात वाद नाही. परंतु मालेगावच्या माणसांची गोष्ट या मोठ्या दारातून आत जायला मुंबईचे भांडवल आणि मुंबईचे नट लागले, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

खुद्द मालेगावची पुढची पिढी गेली ती दुसऱ्याच दाराने, यूट्यूबच्या. तिथला ‘छोटू दादा’ म्हणून ओळखला जाणारा बुटका विनोदी नट आज देशभरातल्या लहान मुलांना ठाऊक आहे. त्याच्या चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या. आपल्याकडे सातारा भागातील कोरी पाटी या मंडळींनी ‘गावाकडच्या गोष्टी’ ही मालिका यूट्यूबवर आणली. बारामती तालुक्यातील कांबळेश्वरच्या मंडळींची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ शेताच्या बांधावर आणि एस.टी.च्या स्टँडवर पाहिली जाते. हसवता हसवता त्यातून एखादा सामाजिक धडाही मिळतो. जुन्या वगनाट्याची हीच रीत होती. वर्गणी नाही, तिकीट नाही. आजचा तंबू म्हणायचा तर हाच.

या तंबूचा राखणदार कोण, तेही पाहू. यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशातला वाटा मिळायचा तर रुळलेली अट अशी आहे : किमान एक हजार सबस्क्रायबर, आणि एका वर्षात चार हजार तास लोकांनी पाहिलेले असले पाहिजे. शिक्षक मंडळींनी हे गणित मुलांना घालावे. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. पंधरा मिनिटांचा एक भाग असेल तर तो सोळा हजार वेळा पुरता पाहिला गेला पाहिजे. एवढे झाले की मग जाहिरातीच्या उत्पन्नातले शंभरातले पंचावन्न रुपये करणाऱ्याला आणि पंचेचाळीस कंपनीला. वाटणी वाईट नाही. पण कोणती चित्रफीत कोणासमोर आधी आणायची हे यंत्र ठरवते. त्या यंत्राशी हुज्जत घालता येत नाही. कोहिनूर थिएटरपुढे निदर्शने करता आली; या राखणदाराचे घर कुठे आहे ते तरी कोणाला माहीत? शिवाय यंत्राला चटकन पकडणारे, उठवळ, भडक असे आवडते. त्यामुळे पारावरची सोज्वळ गोष्ट सांगणाऱ्यालाही हळूहळू भडक मथळ्याचा मोह पडतो.

सरकारी प्रयत्नही झाले आहेत. केरळ सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘सी स्पेस’ नावाची स्वतःची सोय सुरू केली. एका चित्रपटाला ७५ रुपये, आणि त्यातले निम्मे निर्मात्याला, असा सरळ हिशोब. प्रसार भारतीने त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘वेव्हज’ सुरू केले. मराठीसाठी म्हणून २०२१ साली ‘प्लॅनेट मराठी’ निघाले. यशापयशाचा हिशोब काळ करील. पण राखणदार एकाहून अधिक असावेत, हा विचार मला योग्य वाटतो. एक दार मिटले तर दुसरे ठोठावता येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. हे चित्रपट टिकणार कसे? आपला पूर्वेतिहास या बाबतीत फार वाईट आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे आज पाहायला मिळतात ती पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून ती मिळवून जपली म्हणून. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते याच कामासाठी. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांची पुष्कळ नायट्रेट रिळे जळून गेली. दोन दशकांनंतर हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

रीळ निदान डब्यात असे. डबा कोणाच्या तरी माळ्यावर सापडे. मोबाईलवरच्या चित्रपटाला डबाच नाही. कंपनीचा करार संपला की तो एके दिवशी मुकाट्याने नाहीसा होतो. यूट्यूबवरचे खाते बंद झाले की गेली दहा वर्षांची मेहनत त्याच्याबरोबर. मूळ चित्रीकरण ज्या डिस्कवर आहे ती डिस्क चार-दोन वर्षांत बिघडू शकते. मालेगावच्या कॅसेटी, बाजारातल्या त्या खानदेशी चकत्या, यांतल्या किती आज कोणी नीट ठेवल्या असतील? उद्या आपल्या नातवंडांना विचारावेसे वाटले की आमचे आजोबा कसे बोलत होते, कशाला हसत होते, तर मोठमोठ्या चित्रपटांतून उत्तर मिळायचे नाही. ते मिळेल या पन्नास हजारांच्या चित्रपटांतून. त्या त्या गावची बोली, त्या काळची घरे, लग्ने, भांडणे त्यांतच जशीच्या तशी आहेत. आणि नेमके तेच आधी नाहीसे होतात.

म्हणून, वाचकहो, दोन-तीन गोष्टी सुचवून थांबतो. तुमच्या तालुक्यात कोणी लघुपट, मालिका, चित्रपट केला असेल तर त्याची एक प्रत शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात रीतसर मागून ठेवा. सोबत कागदावर लिहून ठेवा : कोणी केला, कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणी काम केले, किती खर्च आला. दर तीन-चार वर्षांनी ती प्रत नव्या डिस्कवर उतरवून घ्या. काम फार नाही. जुन्या दप्तराची जशी आपण काळजी घेतो तशीच ही काळजी.

दुसरे, ज्यांनी चित्रपट करायचा मनात आणला आहे त्यांनी करार सहीपूर्वी नीट वाचून घ्यावा. किती वर्षांसाठी दिला, सगळ्या जगासाठी दिला की कसे, आणि मुदत संपल्यावर चित्रपट आपल्याकडे परत येतो की नाही, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय अंगठा उठवू नये. सातबाऱ्याबाबत आपण जेवढे सावध असतो तेवढे इथेही असावे.

आणि तिसरे, ज्याची आठवण मी तुम्हाला मघाशी ठेवायला सांगितली होती. मोबाईलवर सिनेमा एकटा माणूस पाहतो. हसला तरी एकटाच हसतो. तंबूतला खेळ गाव पाहत असे. शाळेत आता पडद्यावर चित्र टाकण्याचे यंत्र पुष्कळ ठिकाणी आहे. महिन्यातून एका शनिवारी, चित्रपट करणाऱ्याची परवानगी घेऊन, मुले आणि पालक एकत्र बसवून आपल्याच भागातला एखादा लहान चित्रपट दाखवावा. ज्यांनी तो केला त्यांना बोलवावे. मग मुलांना विचारावे : काय आवडले, काय खोटे वाटले, आपल्या गावात हे असेच घडते का? अशा एका खेळाने त्या करणाऱ्या पोरांना जो हुरूप येईल तो लाख वेळा कोणी बोट फिरवून पुढे गेल्याने यायचा नाही. आणि दारावर राखणदार कोणीही असो, गावच्या शाळेचे दार तरी आपल्याच हाती आहे.